लांबच्या कॅम्पिंग प्रवासाहून घरी परतल्यावर: आधी ओल, मग गाडी, मग बाकी सगळं

महिना-दीड महिना वारा-पाऊस सोसलेला तंबू वाटेत क्वचितच खराब होतो. तो खराब होतो घरी आल्यावर, पिशवीत गुंडाळून माळ्यावर पडल्या पडल्या. स्लीपिंग बॅगेतली पिसं, कूलबॉक्सचं रबर, पाण्याचे कॅन, गाडीतला गालिचा यांचीही तीच गत होते, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं: आत कोंडलेली ओल. दमट कापड बंद जागेत राहिलं की एक-दोन दिवसांत त्यावर बुरशी धरू लागते. एकदा काळे ठिपके पडले की बुरशी मारता येते, पण डाग आणि कुबट वास सहसा जात नाहीत.

म्हणून परतल्यानंतरच्या कामांचा क्रम घाणीवरून लावू नका, ओलीवरून लावा. ओलं आणि नासणारं सामान त्याच दिवशी, गाडी पुढच्या दोन-तीन दिवसांत आणि नुसतं धुळीनं माखलेलं सामान त्यानंतर सवडीनं. धूळ आठवडाभर थांबू शकते.

## काम शेवटच्या मुक्कामावरच सुरू होतं

प्रवासभर सामान वापराच्या सोयीनं भरलेलं असतं. शेवटच्या सकाळी ते उतरवण्याच्या सोयीनं भरा. तीन गट करा: ओलं, धुवायचं, आणि कोरडं-स्वच्छ. ओलं सामान एका मोठ्या वेगळ्या पिशवीत घालून डिकीच्या दाराशी, सर्वांत वर ठेवा. दवानं भिजलेला तंबू त्याच्या तंग पिशवीत कोंबू नका, या मोठ्या पिशवीत सैल टाका. धुवायच्या कपड्यांचं गाठोडं त्याच्या शेजारी. कोरडं सामान सर्वांत आत गेलं तरी चालतं, कारण ते दोन दिवस गाडीतच राहिलं तरी काही बिघडत नाही.

तंबूच्या तळाचा चिखल आणि बुटांच्या तळव्यांत अडकलेल्या बिया तिथेच झटका. उरलेलं सरपण तिथेच सोडा, घरी आणू नका. लाकडाच्या सालीखाली किडे आणि बुरशी दडलेली असते आणि झाडांचे रोग शेकडो किलोमीटर दूर पोचतात ते अनेकदा याच वाटेनं. सोबत कयाक किंवा छोटी होडी असेल तर ती पाण्याबाहेर काढल्या काढल्या पुसून घ्या, आतलं पाणी पूर्ण काढा आणि दुसऱ्या जलाशयात उतरवण्याआधी खडखडीत वाळवा. शिंपले आणि पाणवनस्पती ओल्या होडीला चिकटूनच एका तळ्यातून दुसऱ्यात जातात.

घरी पोचण्याची वेळ दुपारची धरा, म्हणजे उजेडाचे निदान दोन-तीन तास हातात राहतात. शेवटच्या दिवशी घर जवळ आलं म्हणून एकदम जास्त अंतर तोडायचा मोह होतो आणि तो धोक्याचा असतो. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के मद्यांश असलेल्या माणसाइतकी मंदावते, असं झोपेवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. घर गाठायला मध्यरात्र होणार असेल तर दोन-तीन तासांच्या अंतरावर आणखी एक मुक्काम करा आणि सकाळी निघा. रात्री एक वाजता पोचलेला माणूस ओला तंबू उघडत नाही, झोपतो. मग तो तंबू चार दिवस तसाच राहतो.

## घराचं दार उघडल्यावर

सामान आत आणण्याआधी घर बघून घ्या. आत शिरताच गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण दाबू नका, पंखा लावू नका, फोनही आत वापरू नका. दारं-खिडक्या उघडा, गॅसचा मुख्य खटका हाताशी असेल तर बंद करा, बाहेर या आणि बाहेरून गॅस पुरवणाऱ्यांना कळवा.

वास नसेल तर छत, बेसिनखालचे पाइप आणि गीझरच्या खालची फरशी बघा. गळतीच्या खुणा असतील तर पुसण्याआधी फोटो काढा, विम्यासाठी ते लागतात. मोरीतून किंवा बेसिनमधून गटाराचा वास येत असेल तर बहुधा जाळीखालच्या वाकड्या पाइपातलं पाणी सुकलेलं असतं. प्रत्येक जाळीत तांब्या-दोन तांबे पाणी ओतलं की तो वास थांबतो.

नळांकडे मात्र नीट लक्ष द्या. पाइपांत आणि गीझरमध्ये आठवडेच्या आठवडे साचलेल्या कोमट पाण्यात लेजिओनेला नावाचे जंतू वाढू शकतात. २० ते ४५ अंश सेल्सिअस हे तापमान त्यांना मानवतं. ते पिण्यातून फारसे बाधत नाहीत, शॉवरच्या बारीक तुषारांतून श्वासाबरोबर फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून गीझर ६० अंशांपर्यंत तापवा, शॉवरचं तोंड काढून ठेवा किंवा त्यावर कापड गुंडाळा, आणि गरम व थंड दोन्ही नळ काही मिनिटं सोडा. त्या वेळात न्हाणीघराची खिडकी उघडी ठेवून स्वतः बाहेर थांबा. पहिली आंघोळ त्यानंतर.

फ्रिज चालू ठेवून गेला असाल तर मधल्या काळात वीज किती वेळ गेली होती हे कळत नाही. निघताना वाटीत बर्फ गोठवून त्यावर एक नाणं ठेवलं असेल तर उत्तर लगेच मिळतं. नाणं वरच असेल तर ठीक, तळाशी गेलं असेल तर फ्रीजरमधलं सगळं वितळून पुन्हा गोठलं आहे, ते टाकून द्या. नाणं ठेवलं नसेल तर बर्फाच्या ट्रेकडे बघा. खड्यांचे कोपरे विरून एकसंध ढेप झाली असेल तर अर्थ तोच.

आता सामान आत. बॅगा पलंगावर किंवा सोफ्यावर ठेवू नका. उघड्या फरशीवर, शक्यतो गॅलरीत किंवा न्हाणीघराजवळ ठेवा. वाटेत कुठे लॉजवर राहिला असाल तर ढेकूण बॅगेच्या शिवणींतून येतात, आणि रानात झोपला असाल तर गोचीड कपड्यांना चिकटून येतात.

## पहिली संध्याकाळ

दमलेलं शरीर एवढंच ऐकेल, म्हणून पहिल्या संध्याकाळी फक्त पाच कामं करा. क्रम बदलू नका.

१. ओल्या पिशवीतलं सगळं बाहेर काढून पसरा. तंबू उभा करायला जागा नसेल तर दोन दारांमध्ये दोरी बांधून त्यावर टाका आणि पंखा लावा. आज तो स्वच्छ होण्याची गरज नाही, हवा लागली की पुरे.

२. कूलबॉक्स आणि खाण्याचे डबे रिकामे करा, उघडे ठेवा. गाडीतला खाण्याचा प्रत्येक कण बाहेर काढा, सीटखाली हात घालून. एका रात्रीत उंदीर आत शिरून वायरी कुरतडू शकतो.

३. गॅसचे कॅनिस्टर आणि इंधनाच्या बाटल्या गाडीतून काढून हवेशीर, सावलीच्या जागी उभ्या ठेवा.

४. अंगावरचे कपडे थेट धुवायच्या गाठोड्यात टाका, आंघोळ करा आणि अंग तपासा: केसांची मुळं, कानांमागे, काखा, बेंबी, जांघा, गुडघ्यांची मागची बाजू. गोचीड दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्यानं कातडीला अगदी चिकटून धरा आणि पीळ न देता सरळ वर ओढा. तेल, चुना, जळती काडी यांतलं काही वापरू नका. त्यानं गोचीड सुटण्याऐवजी जखमेत जास्त लाळ सोडण्याची शक्यता असते.

५. फोटोंची एक प्रत काढा. कॅमेऱ्याचं कार्ड आणि फोन दोन्ही संगणकाला जोडून झोपा. कार्ड आज पुसायचं नाही. डॅशकॅममध्ये जपण्यासारखा भाग असेल तर तोही आजच उतरवा, कारण ते यंत्र जुन्या चित्रणावरच नवं चित्रण करत जातं. उद्या गाडी चार फेऱ्या फिरली की घाटाचं चित्रण गेलं.

## तंबू

दुसऱ्या दिवशी सकाळी तंबू उभा करा, शक्यतो पूर्ण, बाहेरच्या आवरणासकट. जागा सावलीची आणि वाऱ्याची हवी. कडक उन्हात लवकर वाळतो हे खरं, पण अतिनील किरणांनी नायलॉनचे धागे कमजोर होतात आणि प्रवासात तंबूनं ऊन भरपूर खाल्लेलं असतं.

आधी आतला केर झाडा. दार उघडं ठेवून तंबू उचला आणि उलटा करून झटका, वाळू कोपऱ्यांतून बाहेर येते. मग बादलीभर गार पाण्यात थोडा सौम्य साबण घाला आणि मऊ स्पंजनं हलक्या हातानं पुसा. कपड्यांची डिटर्जंट पावडर, ब्लीच आणि ताठ ब्रश टाळा. वॉशिंग मशीनमध्ये तर तंबू कधीच घालू नका: पाणी अडवणारा लेप आणि शिवणींवरची पट्टी दोन्ही मशीनच्या घुसळणीनं सुटतात. चिखलाचे डाग पूर्ण वाळू दिले की निम्मे नुसते झटकून जातात, ओले असताना घासलात तर कापडात मुरतात. पक्ष्यांची विष्ठा मात्र लगेच धुवा, ती लेप खाते.

बुरशीचे ठिपके दिसलेच तर साबणाच्या पाण्यानं पुसून पूर्ण वाळवा. डागाच्या मागे लागून कापड घासू नका. ठिपक्यांचा तंबू पाणी अडवतो, घासून झिजलेला तंबू अडवत नाही.

कापड वाळल्यासारखं वाटलं तरी तंबू वाळलेला नसतो. ओल सर्वांत जास्त वेळ राहते ती शिवणींमध्ये, कोपऱ्यांच्या जाड पट्ट्यांमध्ये, चेनच्या घडीत आणि ताणाच्या दोऱ्यांमध्ये. दोऱ्यांची गुंडाळी सोडून लोंबत ठेवा. कापड हाताला कोरडं लागल्यावर आणखी निदान अर्धा दिवस तसंच राहू द्या.

तो उभा असतानाच तपासणी उरकून घ्या. आत बसून उजेडाकडे बघितलं की बारीक भोकं दिसतात, त्यांवर खडूनं खूण करा. शिवणीवरची पारदर्शक पट्टी कुठे सुटली आहे ते बघा. दुरुस्तीचं सीलंट (शिवणी आणि भोकं बुजवायचा चिकट लेप) निवडण्याआधी कापड कोणतं आहे ते ओळखा. पॉलियुरेथेनच्या लेपाला पॉलियुरेथेनचं सीलंट चालतं. दोन्ही बाजूंनी सिलिकॉन लावलेल्या गुळगुळीत कापडाला फक्त सिलिकॉनचं सीलंट धरतं, दुसरं कोणतंही वाळल्यावर सोलून निघतं. आतला लेप हाताला चिकट लागत असेल आणि आंबूस वास येत असेल तर पॉलियुरेथेन ओलीमुळे विघटित होऊ लागलं आहे. ते पूर्ववत होत नाही. तो तंबू पुढच्या प्रवासासाठी मोजू नका.

चेन अडत असेल तर वाळू हेच कारण बहुतेक वेळा असतं. जुन्या टूथब्रशनं दात साफ करा, पाण्यानं धुवा. चेन ओढल्यावर मागून उघडत असेल तर दात ठीक आहेत, त्यावरून सरकणारा खटका झिजून फाकला आहे. बारीक पकडीनं त्याच्या दोन्ही कडा एकेक करून किंचित दाबा. जोरात एकदम दाबला तर तुटतो.

अॅल्युमिनिअमच्या काठ्या समुद्रकिनाऱ्यावर वापरल्या असतील तर गोड्या पाण्यानं धुऊन पुसा, सांध्यांत मीठ राहिलं की तिथे गंज धरतो आणि काठी अडकते. घडी घालताना मधल्या सांध्यापासून सुरुवात करा, म्हणजे आतल्या इलॅस्टिकवर दोन्हीकडे सारखा ताण येतो. मेखा मोजा आणि वाकलेल्या सरळ करा. कमी पडल्या असतील तर आत्ताच लिहून ठेवा.

साठवताना तंबूच्या मूळ तंग पिशवीऐवजी मोठी सुती पिशवी किंवा उशीचा अभ्रा वापरा आणि कापड त्यात सैल भरा. दर वेळी त्याच घडीवर दुमडला तर लेप त्या रेषेवर तडकतो. गाडीच्या टपावरचा तंबू असेल तर गादी उचलून तिच्या खालची बाजू बघा. माणसाच्या उबेनं तिथे पाणी साठतं आणि ते वरून दिसत नाही. असा तंबू ओला मिटला असेल तर घरी आल्याच दिवशी उघडा.

## स्लीपिंग बॅग आणि गादी

स्लीपिंग बॅग दर प्रवासानंतर धुवायची नसते. धुण्यानं पिसांची फुगण्याची ताकद थोडी थोडी घटते. आतून अस्तर लावून वापरली असेल तर उलटी करून एक-दोन दिवस सावलीत टांगा, तेवढं पुरतं. पण लांबच्या प्रवासानंतर गळ्याशी तेलकट काळपटपणा आला असेल आणि बॅग पूर्वीइतकी फुगत नसेल तर धुवायला हवी, कारण घामातलं तेल पिसांना एकमेकांना चिकटवतं.

पिसांच्या बॅगेसाठी समोरून उघडणारं मशीन घ्या. मधोमध दांडा असलेलं वरून उघडणारं मशीन आतले कप्पे फाडतं. पिसांसाठी मिळणारा खास साबण वापरा, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको. गार किंवा कोमट पाणी, नाजूक कपड्यांचं चक्र, साबण निघेपर्यंत दोन-तीनदा खळबळणं. बाहेर काढताना बॅग दोन्ही हातांनी खालून उचला. ओली पिसं जड असतात, एका टोकाला धरून उचललं की आतल्या पडद्यांचे टाके तुटतात.

वाळवणं हेच यातलं खरं काम. ड्रायरमध्ये कमीत कमी उष्णतेवर, दोन-तीन स्वच्छ टेनिस बॉल सोबत टाकून तीन ते पाच तास लागतात. बॉल आदळून गठ्ठे फोडतात. मध्ये मध्ये काढून हातानं चाचपा: बोटाला गोळा लागला म्हणजे तिथे ओल आहे. ड्रायर नसेल तर जाळीवर आडवी पसरून, दर दोन तासांनी हलवून आणि गठ्ठे हातानं सोडवून दोन-तीन दिवस द्या. हवा दमट असेल तर कोरडे दिवस येईपर्यंत धुणं पुढे ढकला.

बॅग दाबून भरायची छोटी पिशवी फक्त प्रवासासाठी असते. घरी मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवा किंवा कपाटात टांगा. महिनोन्‌महिने दाबलेल्या बॅगेतले कृत्रिम धागे तर पुन्हा कधीच पूर्ण फुगत नाहीत.

आपोआप हवा भरणारी फोमची गादी झडप उघडी ठेवून, न गुंडाळता पलंगाखाली सरकवा. तोंडानं फुगवायच्या गादीत श्वासाची वाफ साचलेली असते. ती पंपानं कोरडी हवा दोन-तीनदा भरून आणि काढून वाळवा. रात्री हवा जात होती का? गादी फुगवून त्यावर साबणाचं पाणी पुसा, बुडबुडे येतील तिथे खूण करा. झडपेपासून सुरुवात करा, गळती तिथे फार वेळा असते.

## चूल, इंधन, पाणी

कॅनिस्टरमध्ये गॅस किती उरला हे हलवून कळत नाही, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर कळतं. नव्या भरलेल्या कॅनिस्टरचं वजन करा, त्यावर छापलेलं गॅसचं वजन वजा करा, उरलं ते रिकाम्या डब्याचं. समजा नवा कॅनिस्टर ३८० ग्रॅम भरला आणि आत गॅस २३० ग्रॅम आहे, तर डबा १५० ग्रॅमचा. आज वजन २१० आलं तर ६० ग्रॅम गॅस उरला. छोट्या स्टोव्हवर वारा नसताना लिटरभर पाणी उकळायला साधारण १२ ते १५ ग्रॅम लागतो, म्हणजे हा चार वेळच्या उकळीपुरता आहे. तो आकडा तारखेसह कायम शाईच्या पेननं डब्यावरच लिहा. साठवण्याची जागा ५० अंशांच्या वर कधीच न जाणारी हवी. उन्हात उभ्या बंद गाडीत तापमान तेवढं सहज चढतं.

स्टोव्हच्या आट्यांतली रबरी कडी बोटानं चाचपा. कडक झाली असेल किंवा चीर दिसली तर बदला. होज असेल तर जोडून, झडप उघडून त्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा, आणि हे उघड्यावर करा. पेट्रोलवर चालणाऱ्या स्टोव्हची बाटली पूर्ण रिकामी करा. पेट्रोल काही महिन्यांत शिळं होतं आणि त्याचा चिकट थर जेटच्या बारीक भोकात बसतो. पंपाचं चामडी वॉशर कोरडं पडलं असेल तर तेलाचे दोन थेंब चोळा.

बिडाचा तवा-कढई धुऊन लगेच विस्तवावर वाळवा आणि तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. जाड थर चिकट होतो.

कूलबॉक्स खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं (लिटरला दोन चमचे) पुसा, निचऱ्याचं बूच काढून आतली नळी ब्रशनं साफ करा, झाकणाचं रबर उचलून त्याच्या खाचेतली घाण काढा. कुबट वास बहुधा त्या खाचेतच असतो. ठेवताना झाकणात लाकडाचा तुकडा अडकवून फट राहू द्या.

पाण्याचे कॅन आधी साबणानं धुवा. मग लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर बिनवासाचं घरगुती ब्लीच मिसळून कॅन चहूबाजूंनी हलवा, झाकण आणि तोटीतूनही ते पाणी काढा, दोन-चार मिनिटं थांबून ओता, स्वच्छ पाण्यानं विसळा आणि उघडं, उपडं वाळवा. ब्लीचमध्ये व्हिनेगर, आम्ल किंवा अमोनिया असलेलं काहीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. पोकळ धाग्यांचं गाळणं उलट्या दिशेनं पाणी सोडून साफ करा आणि पूर्ण वाळवून ठेवा. ते ओलं असताना कडाक्याच्या थंडीत गोठलं असेल तर टाकून द्या. धागे फुटले तरी बाहेरून दिसत नाही, आणि गाळणं पाणी गाळतं असंच वाटत राहतं.

## गाडी

धुण्याआधी पुढच्या काचेकडे बघा. खडीनं उडालेला टवका असेल तर त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा आणि त्यावर गरम पाणी किंवा दाबाचा फवारा मारू नका. तापमानात अचानक फरक पडला की टवक्याची भेग होते. नाण्याएवढा टवका चालकाच्या नजरेच्या रेषेत नसेल तर रेझिन भरून थांबवता येतो, लांब भेग पडल्यावर काचच बदलावी लागते.

धुताना वरच्या रंगापेक्षा खालच्या बाजूला जास्त वेळ द्या. चाकांच्या कमानी, दारांच्या खालचे पन्हळ आणि चासीच्या खाचा यांत साचलेला चिखल ओल धरून पत्रा आतून गंजवतो. समुद्रकिनारी किंवा मीठ टाकलेल्या बर्फाच्या रस्त्यावर गाडी फिरली असेल तर खालून धुणं पहिल्या दोन दिवसांतच व्हावं. सायलेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आच्छादनात अडकलेलं सुकं गवत काढा, ते पेट घेऊ शकतं, अर्थात इंजीन पूर्ण गार झाल्यावर. रेडिएटरच्या जाळीतले किडे हलक्या धारेनं, शक्य असेल तर आतून बाहेर काढा. जोराच्या फवाऱ्यानं पातळ पाती दुमडतात आणि हवा कायमची अडते.

परतीच्या वाटेवर ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरत होतं, म्हणून लोक थेट बॅलन्सिंगला जातात. आधी चाकाच्या रिमच्या आतली बाजू बघा. तिथे एका बाजूला वाळून बसलेला चिखल तोल बिघडवायला पुरतो. तो खरवडून गाडी पुन्हा चालवून बघा.

टायर गार असताना, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी राहिल्यावर हवा मोजा. भारासाठी वाढवलेला दाब पुन्हा नेहमीच्या आकड्यावर आणा. मग नक्षी वाचा. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी होती, मधला पट्टा झिजला असेल तर जास्त होती. एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट बिघडलं आहे. थोड्या थोड्या अंतरावर खळगे पडले असतील तर शॉक अॅब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग तपासून घ्या. आतली कड उभ्यानं दिसत नाही, स्टिअरिंग पूर्ण वळवून बघा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटर ही बऱ्याच देशांत कायद्यानं किमान मर्यादा आहे, पण ओल्या रस्त्यावरची पकड त्याच्या बरीच आधी ढिली पडते, ३ मिलिमीटरला बदलणं शहाणपणाचं. टायरच्या बाजूला फुगवटा असेल तर आतले धागे तुटले आहेत. त्या टायरवर गॅरेजपर्यंतही वेगानं जाऊ नका, स्टेपनी लावा. आणि स्टेपनीतली हवा तपासा, ती तपासायची राहूनच जाते. वाटेत चाक बदललं असेल तर नट गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यानुसार टॉर्क पान्यानं पुन्हा आवळा.

इंजीन ऑइलची पातळी सपाट जागी, इंजीन बंद करून दहा मिनिटांनी बघा. धुळीचे रस्ते, पूर्ण भार आणि घाट हा प्रकार गाडीच्या पुस्तकात खडतर वापर म्हणून वेगळा दिलेला असतो आणि त्याची ऑइल बदलण्याची मुदत लहान असते. त्या रकान्याप्रमाणे चाला. एअर फिल्टर कागदाचा असेल तर धुवू नका. झटकून उजेडाकडे धरा, उजेड आरपार दिसत नसेल तर नवा घाला. केबिनचा फिल्टरही काढा. ब्रेक पॅड ३ मिलिमीटरपेक्षा पातळ झाले असतील तर बदला.

पुढच्या सीटजवळचा गालिचा ओला आहे आणि पाऊस तर झालेला नाही, असं असेल तर एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी धुळीनं तुंबली आहे का बघा. नळी मोकळी करा आणि गालिचा उचलून खालचा फोमही वाळवा. वरून कोरडा झाला तरी फोम आठवडाभर ओला राहतो. सुगंधी फवारे या वासावर उपाय नाहीत.

टपावरचं कॅरिअर पुढचे काही महिने लागणार नसेल तर उतरवा, रिकामं असलं तरी ते हवेला अडतं आणि इंधन खातं.

## बॅटऱ्या

शिसे-आम्लाची जादा बॅटरी अर्धवट उतरलेल्या अवस्थेत ठेवली तर प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो. ती पूर्ण चार्ज करा, काही तास थांबून व्होल्ट मोजा: १२.६ किंवा जास्त म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश, १२.२ म्हणजे निम्मी. पूर्ण चार्ज करूनही दुसऱ्या दिवशी १२.४ च्या खाली येत असेल तर तिचे दिवस भरत आले.

लिथियमच्या पॉवर स्टेशनचं, म्हणजे सोबत न्यायच्या मोठ्या चार्जिंग-बॅटरीचं, उलट असतं. ते भरून ठेवू नका, रिकामंही ठेवू नका. ४० ते ६० टक्क्यांवर, गार जागी ठेवा आणि तीन महिन्यांनी आकडा बघा. डोक्याला लावायच्या टॉर्चमधले सेल काढून ठेवा, गळलेला सेल टॉर्च खातो.

## कपडे आणि बूट

रानात वापरलेले कपडे कोरडे असतील तर आधी ड्रायरमध्ये जास्त उष्णतेवर दहा मिनिटं फिरवा, गोचीड त्यानं मरते. गार पाण्याच्या धुण्यात ती जिवंत राहते. ढेकणांची शंका असेल तर ६० अंशांवर धुणं आणि गरम ड्रायरमध्ये अर्धा तास.

पावसाळी जाकिटावर पाण्याचे मणी न होता कापड भिजत असेल तर ते फुकट गेलं असं समजू नका. धुऊन, वाळल्यावर आतल्या चिठ्ठीवर परवानगी असेल तर ड्रायरमध्ये मंद उष्णतेवर २० मिनिटं फिरवा. मळ निघून उष्णता लागली की बाहेरचा लेप पुष्कळदा पुन्हा काम करू लागतो.

बुटांचे आतले तळवे काढा, आत कागद कोंबा आणि तो दर काही तासांनी बदला. हीटरजवळ किंवा चुलीजवळ ठेवले तर तळव्याचा गोंद सुटतो.

## फोटो, कागद आणि तब्येत

फोटोंच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर, हा नियम पूर्ण होईपर्यंत कार्ड पुसू नका. प्रती झाल्यावर दहा-वीस फाइली खरंच उघडतात का ते बघा. टोलच्या नोंदी आणि विम्याच्या दाव्याची कागदपत्रं पहिल्याच आठवड्यात बघा, कारण दाव्यांना मुदत असते. प्रथमोपचाराच्या पेटीतली औषधं तापलेल्या गाडीत राहिली असतील तर तारीख शिल्लक असली तरी बदला.

काही लक्षणांसाठी थांबायचं नसतं. चार तासांहून जास्त सलग बसण्यानं पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. एकच पोटरी सुजली, दुखते, गरम लागते, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. सोबत धाप किंवा छातीत दुखणं असेल तर थेट तातडीच्या विभागात. गोचीड चावल्यानंतरच्या महिन्याभरात पसरत जाणारा लाल चट्टा किंवा ताप आला, तर डॉक्टरांना चाव्याची तारीख आणि ठिकाण सांगा. मलेरियाची लक्षणं डास चावल्यावर सात दिवसांच्या आधी सहसा दिसत नाहीत, कधी कधी काही महिन्यांनी दिसतात. म्हणून परतल्यावर बऱ्याच दिवसांनी ताप आला तरी प्रवास कुठे झाला ते आपणहून सांगा. डॉक्टर विचारतीलच असं नाही.

## परत ठेवण्याआधी

सगळं वाळलं की फरशीवर तीन ढीग करा: रोज लागलेलं, एखाद-दोनदा लागलेलं, पेटीतून निघालंच नाही असं. हे आठवडाभरात करा, नंतर आठवत नाही. तिसरा ढीग पुढच्या वेळी घरी ठेवायचा, पण त्यातून प्रथमोपचाराची पेटी, अग्निशामक नळकांडं, जॅक-पाना, पंक्चरचं सामान आणि जादा टॉर्च आधी बाजूला काढा. ते न लागणं हेच अपेक्षित आहे.

दुरुस्तीची प्रत्येक वस्तू वेगळ्या खोक्यात ठेवा आणि तिला काय झालं आहे त्याची चिठ्ठी बांधा: ‘डाव्या दाराची चेन’, ‘झडपेतून हवा जाते’. नुसतं ‘दुरुस्त करणे’ लिहिलं तर सहा महिन्यांनी दोष पुन्हा शोधावा लागतो. संपलेल्या वस्तूंची यादी त्याच खोक्याच्या झाकणावर आतून चिकटवा: मेखा, पट्टी, सीलंट, काड्या, साबण.

खोकी जमिनीला आणि बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, खाली लाकडी फळी घाला. कापडाच्या वस्तू हवाबंद प्लास्टिकच्या पेटीत घालायच्याच असतील तर सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका. पहिल्या महिन्यानंतर एकदा तंबूची पिशवी उघडून नाक जवळ न्या. कुबट वास आला तर त्याच दिवशी तंबू पुन्हा उभा करा. एवढ्या लवकर लक्षात आलं तर बुरशी अजून वरवरच असते आणि कापड वाचतं.